लायनर बसला का?

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल

ब्रेकवरचं गणित आपण सगळ्यांनी सोडवलेलं आहे. एक गोल ड्रम, आत दोन शू, मधे कुठेतरी एक पिन, आणि खाली वाक्य : 'ब्रेकिंग टॉर्क काढा.' आपण फॉर्म्युला लिहितो, उत्तराखाली दोन रेघा मारतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण खरा ड्रम उघडून आत डोकावलेले आपल्या वर्गात किती निघतील? हात वर करायला सांगितला तर सबमिशनच्या दिवशी पूर्ण जर्नल असणाऱ्यांपेक्षाही कमी निघतील, अशी मला खात्री आहे.

तुम्ही म्हणाल, हल्ली सगळीकडे डिस्क ब्रेक आहेत, हे जुनं पुराण कशाला? तर हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. निम्म्या बाइकच्या मागच्या चाकात ड्रमच सापडेल. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांत तोच असतो. ज्या लाल एसटीने आपण दिवाळीला घरी जातो, तिचा जीवही ड्रमवरच असतो. मात्र हा विषय नीट शिकायचा असेल तर जुनी गाडीच हवी. नव्या गाडीत शू आणि त्यावर चिकटवलेलं लायनिंग एकत्रच मिळतं. जुनं काढा, नवं लावा, काम झालं. जुन्या गाडीचे शू सहज मिळत नाहीत. म्हणून लोखंडी शू तोच ठेवून त्यावरची घर्षणाची पट्टी तेवढी बदलावी लागते. आणि ती पट्टी 'बसवणं' म्हणजे काय, हे तेव्हा कळतं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत पाच आठवडे मी मुंबईतल्या एका छोट्या गॅरेजात जात होते. तिथे जुन्या फियाट दुरुस्त होतात. म्हणजे आपली प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून बनू लागलेली ही गाडी १९७० च्या दशकात 'पद्मिनी' झाली, आणि काळीपिवळी टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत मुंबईत धावली. चारही चाकांना ड्रम ब्रेक. म्हणजे एका गाडीत चार वेळा शिकायची सोय!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे पहिला आठवडा भाषा शिकण्यातच गेला. पुस्तकातलं लायनिंग गॅरेजात 'लायनर' होतं. ब्रेक एका बाजूला ओढला तर 'गाडी खेचते', पेडल फार खाली गेलं तर 'पेडल बसतंय'. आणि मिस्त्रीकाका 'रिपिट मार' म्हणाले की तेच काम परत करायचं नसतं, रिव्हेट मारायचा असतो.

आधी थोडी थिअरी

ड्रममधले दोन शू दिसायला जुळे, पण स्वभावाने वेगळे. चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ज्याचं मोकळं टोक आधी येतं तो लीडिंग शू. फिरणारा ड्रम त्याला आणखी आत ओढून घेतो, म्हणजे आपण दिलेल्या जोरात तो स्वतःची भर घालतो. दुसरा ट्रेलिंग शू. त्याला ड्रम मागे ढकलतो, म्हणजे तो थोडा जोर वाया घालवतो.

सोपं गणित करू. (सर, आकडे सोयीचे घेतले आहेत.) समजा, पिनपासून लंब दाबाच्या रेषेचं अंतर १० सेंटिमीटर, घर्षणाच्या रेषेचं ८ सेंटिमीटर आणि घर्षणांक ०.४. सिलिंडरचा रेटा दोन्ही शूंना सारखाच. पिनभोवती मोमेंट घेतले तर लीडिंग शूच्या भाजकात १० वजा ३.२, म्हणजे ६.८ येतात, ट्रेलिंगच्या भाजकात १० अधिक ३.२, म्हणजे १३.२. म्हणजे लीडिंग शू जवळजवळ दुप्पट काम करतो.

आता खरी गंमत बघा. घर्षणांक ०.४ चा ०.५ केला, म्हणजे फक्त २५ टक्के वाढवला, तर ट्रेलिंग शूचा ब्रेक साधारण १८ टक्के वाढतो, पण लीडिंग शूचा तब्बल ४२ टक्के! म्हणजे लीडिंग शू फरकाला मोठा करून दाखवतो. डाव्या चाकाला एका कंपनीचा लायनर आणि उजव्याला दुसऱ्या, किंवा एका बाजूला ऑइलचं बोट लागलेलं, तर चालकाने पेडल सरळ दाबूनही गाडी डिव्हायडरकडे का जाते, ते या दोन आकड्यांत आहे. म्हणूनच पहिला नियम : लायनर नेहमी एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, एकाच जातीचे, एकाच खोक्यातले.

दुसरी गोष्ट उष्णतेची. प्रवाशांसकट १,२०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली, तर साधारण १६७ किलोजूल उष्णता तयार होते. पण तीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना सुमारे ५०० मीटर खाली येते. सगळं ब्रेकवर सोडलं तर ही ऊर्जा जवळजवळ ५९ लाख जूल होते, म्हणजे ताशी ६० वरून लागोपाठ ३५ वेळा थांबण्याइतकी. हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर एवढ्या उष्णतेत २० लिटरची अंघोळीची बादली ३० अंशांवरून उकळी फुटेपर्यंत तापते. (आपल्या गीझरला हे जमलेलं कोणी पाहिलेलं नाही, तो भाग वेगळा.) त्यात ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो, म्हणून पेडल खाली जातं. लायनर फार तापला तर त्याचा घर्षणांकही उतरतो. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा असं सांगतात, ते यासाठी.

उघडताना

गाडी सपाट जागेवर, उरलेल्या चाकांना उटी, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड. मागचा ड्रम काढायचा असेल तर हँडब्रेक सोडायचा आणि अ‍ॅडजस्टर सैल करायचा, नाहीतर झिजलेल्या ड्रमच्या कडेला शू अडकतात आणि मग सगळे हातोडा शोधतात. एका वेळी एकाच बाजूचा ड्रम उघडायचा. दुसरी बाजू उत्तरपत्रिकेसारखी शेजारी तयार राहते : कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, कुठला शू पुढे. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर आणखी उत्तम. आणि ड्रम निघालेला असताना कोणालाही पेडल दाबू द्यायचं नाही; व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात आणि ब्रेक ऑइल फरशीवर.

सिलिंडरवरचं रबरी टोपण हलकेच उचलून बघायचं. आत ओलं दिसलं तर नवे लायनर लावण्यात अर्थ नाही, आधी रबर किट बदलायचं. ही रबरं पेट्रोलने किंवा साध्या ऑइलने धुवायची नाहीत, फुगतात; ब्रेक ऑइलनेच धुवायची. ऑइल प्यायलेला लायनर काहीजण पेट्रोलमध्ये बुडवून, जाळून परत लावतात. वरून कोरडा दिसतो, पण गरम झाला की आतलं ऑइल परत वर येतं. तो फेकायचाच.

ड्रम आणि शू

ड्रम कास्ट आयर्नचा. आतून बोट फिरवलं की खोबणी लागतात, पण बोटावर भरवसा ठेवायचा नाही. आतला व्यास निदान तीन-चार दिशांनी मोजायचा. सगळीकडे सारखा नसेल तर ड्रम अंडाकृती झालाय, आणि ब्रेक लावताना पेडल पायाखाली धडधडतं. मग लेथवर टर्निंग. मात्र टर्निंगला मर्यादा असते. ड्रम पातळ झाला की लवकर तापतो आणि तडकू शकतो. दोन्ही बाजूंचे ड्रम एकाच मापाला आणायचे. बारीक निळसर डाग म्हणजे ड्रम खूप तापल्याची खूण, आणि आरपार तडा दिसला तर ड्रम भंगारात.

जुने रिव्हेट ड्रिलने डोकं उडवून पंचने मागे काढायचे. छिन्नीने उपटले तर शूची भोकं लांबट होतात आणि नवा रिव्हेट कधीच घट्ट बसत नाही. शू मोकळा झाला की गंज आणि जुना रंग घासून धातू स्वच्छ करायचा. सपाट जागेवर ठेवून तो पिळलेला नाही ना, वेल्ड सुटलेला नाही ना, ते बघायचं.

लायनर बसवताना

नवा लायनर शूवर ठेवला की तो पूर्ण टेकला पाहिजे. मधे फट राहिली तर उष्णता शूत उतरत नाही, आणि दाबल्यावर लायनर स्प्रिंगसारखा हलतो, त्यामुळे पेडल मऊ लागतं. म्हणून क्लॅम्पने घट्ट धरायचं आणि रिव्हेट मधून सुरू करायचे : मधले आधी, मग एक या बाजूला, एक त्या बाजूला, शेवटी टोकं. टोकांपासून सुरुवात केली तर मधे फुगा राहतो. ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना हे आपल्यापेक्षा आधी कळतं. त्या कापडाला टाचण्या मधूनच लावतात. रिव्हेट पितळ, तांबं किंवा अ‍ॅल्युमिनियमचे, म्हणजे लायनर झिजून डोकं ड्रमला लागलंच तरी लोखंडी रिव्हेटइतकं ओरखडत नाही. शेवटी लायनर आणि शू यांच्यामध्ये सगळ्यात पातळ फीलर गेज सरकवून बघायचं. तो कुठेही जाता कामा नये.

इथे मला वाटलं, झालं! रिव्हेट घट्ट, फट नाही. पण मिस्त्रीकाका म्हणाले, "लायनर शूवर बसला. ड्रममधे कुठे बसलाय?"

हाच या लेखाचा मुद्दा आहे. टर्निंग केलेल्या ड्रमचा व्यास वाढलेला असतो आणि लायनरची गोलाई मूळ मापाची. नाहीतर उलट, जाड लायनर लावला तर त्याची गोलाई ड्रमशी जुळत नाही. दोन्ही वेळा अख्ख्या लायनरऐवजी एखादा तुकडाच ड्रमला लागतो. लायनर फक्त दोन्ही टोकांना लागत असेल तर ते सगळ्यात वाईट. टोकं पाचरीसारखी रुततात, ब्रेक अचानक पकडतो, चीं-चीं आवाज येतो. म्हणून लायनर शूवर बसवल्यावर ग्राइंड करून त्याची गोलाई ड्रमपेक्षा किंचित लहान करतात. व्यासात साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. मग तो आधी मधे टेकतो, दाबल्यावर शू थोडा उलगडतो, आणि वापराने स्पर्श दोन्ही टोकांकडे पसरत जातो.

तपासायची पद्धत तर फुकट आहे. ड्रममध्ये आतून खडू घासायचा, शू हाताने आत दाबून थोडा फिरवायचा आणि बाहेर काढायचा. जिथे पांढरं तिथे स्पर्श. माझ्या पहिल्या शूवर दोन्ही टोकांना पांढऱ्या पट्ट्या आल्या होत्या, आणि मधला सगळा भाग कोरा! डोळ्यांना हा लायनर अगदी छान बसलेला दिसत होता. टोकं उतरवून, चारदा खडू लावून मधे तळहाताएवढा पांढरा पट्टा आला तेव्हा दुपार झाली होती. पण त्या दिवशी मला 'कॉन्टॅक्ट एरिया' हा शब्द पहिल्यांदा कळला, तोपर्यंत तो फक्त पाठ होता.

जोडताना, जुळवताना

बॅकप्लेटवर जिथे शूची कड घासते तिथे उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात. लायनरवर मात्र ग्रीसचं बोटसुद्धा नको; आधी हात धुवायचे. काही जुन्या अमेरिकन गाड्यांत दोन शूंचे लायनर कमी-जास्त लांबीचे असतात. तिथे आखूड पुढे आणि लांब मागे, हे उलटं करायचं नाही.

ड्रम चढवल्यावर अ‍ॅडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवायचा, पेडल दोन-तीनदा दाबून शू मधोमध आणायचे, परत अ‍ॅडजस्टर बघायचा, आणि मग चाक मोकळं फिरेल एवढाच मागे घ्यायचा. सिलिंडर उघडला असेल तर हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची पद्धत आहे. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, कमी वेगात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक टाळायचे आणि मधे मधे ड्रम थंड होऊ द्यायचे. लायनर अजून बसतच असतो.

आणि ती काळी पावडर

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या डोंगराळ भागात गाडीवान उतारावर चाकाला जुने बूट लावून गाड्या अडवायचे, असं सांगतात. ते पाहूनच हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये ब्रेकसाठी वेगळा पदार्थ बनवायला घेतला. त्यातून पुढे फेरोडो कंपनी उभी राहिली. सुरुवातीचे लायनर सुती विणीचे होते आणि उष्णतेने जळायचे. त्यावर उपाय म्हणून विसाव्या शतकात आलं अ‍ॅस्बेस्टॉस. जळत नाही, झिजत नाही, स्वस्त. इंजिनिअरला आणखी काय हवं? जगभरच्या गाड्यांच्या लायनरमध्ये ते कित्येक दशकं राहिलं.

पण त्याचे बारीक तंतू श्वासातून आत गेले की फुप्फुसात अडकून बसतात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसात कर्करोग निर्माण करतात. ब्रिटनने १९९९ मध्ये आणि युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर बंदी घातली. आजार लगेच दिसत नाही, अनेकदा वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो. आणि जुन्या गाडीच्या ड्रममधली ती मऊ काळी पावडर म्हणजे झिजलेला लायनर.

त्या गॅरेजात माझ्याच वयाचा एक हेल्पर होता. ड्रम निघाला की तो कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन फर्रकन हवा मारायचा. ड्रम क्षणात चकाचक, आणि आम्ही सगळे ढगात. मी अ‍ॅस्बेस्टॉसचं बोलले तेव्हा मिस्त्रीकाका हसले. "पोरी, चाळीस वर्षं हवा मारतोय मी. काय झालं मला?"

मी गप्प बसले. कारण 'चाळीस वर्षं' हाच तर मुद्दा होता, आणि तो त्यांच्या तोंडावर कसा सांगायचा हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी घरून फवाऱ्याची बाटली नेली, साबणाचं पाणी भरलं, आणि आम्ही उघडलेला ड्रम ओला करून पुसला. धूळ उडालीच नाही. मिस्त्रीकाका काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी पुढची फियाट उघडताना हेल्परने पाइप उचलला, तर ते म्हणाले, "पाणी मार आधी."

म्हणून नियम लिहून ठेवते. हवा मारायची नाही, कोरडा ब्रश किंवा झाडूही नाही. ओलं करून ओल्या फडक्याने पुसायचं, आणि फडकं ओलं असतानाच पिशवीत बांधून टाकायचं. तोंडाला रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत, त्यासाठी योग्य दर्जाचा मास्क लागतो. कामाचे कपडे घरी नेऊन झटकायचे नाहीत. आणि जुन्या दुकानातला धूळ खात पडलेला 'ओरिजिनल' लायनर कितीही मोहात पाडो, घ्यायचा नाही. कारण बसवायचा तर तो ग्राइंड करावा लागतो, घासावा लागतो, आणि ती पावडर घासणाऱ्याच्याच नाकात जाते. नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस लिहिलेला नवा लायनरच घ्यायचा. त्याचीही धूळ नाकात जाऊ द्यायची नाही.

शेवटी एवढंच. ड्रम एकदा चढवला की आतलं काही दिसत नाही. खडूचा पट्टा मधे आला होता की टोकांना, धूळ पाण्याने काढली की हवेने, हे गाडीच्या मालकाला कधीच कळणार नाही. घाटातल्या वळणावर कळेल, किंवा कोणाच्या तरी एक्स-रेमध्ये. ब्रेकचं काम करणाऱ्यावर असा आंधळा विश्वास टाकलेला असतो. तेव्हा पुढच्या परीक्षेत ब्रेकचं गणित आलं की उत्तराखाली दोन रेघा जरूर मारा. पण सुटीत बाइकचं मागचं चाक उघडाल तेव्हा आधी पाण्याची बाटली जवळ घ्या, आणि मग खडू.